केसची वही आणि हजेरीचं रजिस्टर एकाच हातात नको

नऊ-दहा वर्षांपूर्वीचं सांगते. मी तेव्हा नागपुरात एका संस्थेत काउन्सेलर होते. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण हे कुण्या एका संस्थेचं नाहीच आहे. दर शुक्रवारी दुपारी साडेतीनला माझं सुपरविजन असायचं, म्हणजे माझ्या केसेसवर सिनिअरशी बोलायची वेळ, मॅडमच्या केबिनमध्ये. मे महिना, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि टेबलावर जाड लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर. मॅडम आधी रजिस्टर उघडायच्या आणि विचारायच्या, या आठवड्यात नवीन केसेस किती, फॉलोअप किती, किती जण यायचे बंद झाले, मंगळवारी तू पावणेअकराला आलीस ते कशामुळे, आणि हे सगळं लिहून झालं की रजिस्टर तसंच उघडं ठेवून, पेनाला टोपणही न लावता म्हणायच्या, "हं, आता सांग, कुठे अडकून राहिली तू?"

त्या पेनाकडे बघत मी काय सांगणार होते?

त्या आठवड्यात मी खरंच अडकले होते. एक मुलगा यायचा माझ्याकडे, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. तालुक्याच्या गावातून नागपूरला नीटच्या तयारीसाठी आलेला, दुसरा अटेम्प्ट, होस्टेलवर राहायचा. तिसऱ्या सेशनच्या शेवटी, उठता उठता तो म्हणाला, "मॅडम, आता थकलो मी." एवढंच. असं कोणी म्हटलं की सरळ विचारायचं असतं, मरणाचे विचार येतात का, काही ठरवलं आहेस का, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं, आणि विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही हेही माहीत असतं. मी नाही विचारलं. बाहेर पुढचे क्लायंट बसले होते, वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली की हा हो म्हणाला तर मी काय करू. मी म्हटलं, पुढच्या बुधवारी बोलू आपण यावर.

ही चूक होती, पण सुधारता येण्यासारखी. शुक्रवारी कोणाला तरी सांगितलं असतं तर समोरच्या अनुभवी माणसाने पाच मिनिटांत सांगितलं असतं की आत्ता फोन कर, आजच बोलाव, होस्टेलच्या वॉर्डनशी कसं बोलायचं ते ठरवू, घरच्यांना कधी आणि काय सांगायचं ते ठरवू. पण त्याच मॅडम पुढच्या महिन्यात माझ्या रिन्यूअलच्या कागदावर शेरा मारणार होत्या. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं. आधीच्या वर्षी माझ्यासोबतच्या एका मुलीने केबिनमध्ये रडून सांगितलं होतं की एका बाईची केस तिला झेपत नाहीये, तर तिच्या अप्रेझलमध्ये आलं होतं, भावनिकदृष्ट्या जास्त गुंतते. म्हणून मी म्हटलं, "ठीक आहे मॅडम, मुलाचं मोटिव्हेशन जरा कमी आहे." मॅडमनी लिहून घेतलं. रजिस्टर बंद.

बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाही. फोन बंद. शेवटी मी होस्टेलवर गेले तेव्हा कळलं की तो गावी गेला आहे, मग वडिलांशी बोलणं झालं, मुलगा घरी होता, सुखरूप होता, नीट सोडून बीएस्सी करायचं म्हणत होता. पण मधल्या रात्री मी कशा काढल्या ते माझं मला माहीत. आणि आज मी हे लिहून राहिले ते त्या रात्रींमुळेच, कारण तो सुखरूप होता यात माझा, मॅडमचा किंवा त्या सुपरविजनचा काहीही वाटा नव्हता.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या माणसाच्या हातात तुमची हजेरी, रजा, अप्रेझल आणि रिन्यूअल आहे, त्याच माणसासमोर तुम्ही तुमच्या केसमधली चूक, भीती, गोंधळ उघडून ठेवाल ही अपेक्षा चुकीची आहे. ही दोन कामं वेगळ्या माणसांकडे हवीत. आणि जिथे खरंच शक्य नाही तिथे निदान कोणती गोष्ट कुठे जाईल हे कागदावर, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं हवं.

सुपरविजन म्हटलं की आपल्याकडे डोळ्यासमोर देखरेख येते, मुकादम उभा आहे आणि मजूर खोदून राहिले. काउन्सेलिंगमध्ये तो अर्थ नाही. तिथे सुपरविजन म्हणजे आपल्यापेक्षा अनुभवी माणसासोबत बसून आपल्याच कामाकडे पुन्हा बघणं, या बाईचा मला राग का येतो, या मुलाला मी प्रश्न का विचारला नाही, हा माणूस माझ्या वडिलांसारखा बोलतो म्हणून मी गप्प बसते का. अमेरिकेतल्या आल्फ्रेड कडुशिन यांनी १९७६ मध्ये समाजकार्यातल्या सुपरविजनची तीन कामं मांडली, प्रशासन, शिकवणं आणि आधार देणं, एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यात मास्टर्स करणाऱ्या मुलांना हे परीक्षेसाठी पाठच असतं. तिथे ही तिन्ही कामं एकाच सुपरवायझरची धरली आहेत आणि आपल्याकडच्या संस्थाही त्याच चाकोरीने गेल्या. अडचण अशी की प्रत्यक्षात तिन्हींना सारखा वेळ मिळतच नाही. पैसे देणाऱ्या फंडरला रिपोर्ट द्यायचा असतो, जिल्ह्याला आकडे पाठवायचे असतात, महिनाअखेर आली की प्रशासन सगळा तास खाऊन टाकतं आणि आधार देणं उरतं शेवटच्या पाच मिनिटांत, जिन्यात, "टेन्शन नको घेऊ बाप्पा" एवढ्यावर.

लपवणं हा माझा एकटीचा दुबळेपणा आहे असं मला खूप वर्षं वाटायचं. मग १९९६ चा एक अभ्यास वाचनात आला. निकोलस लडानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०८ शिकाऊ थेरपिस्टना विचारलं होतं की सुपरवायझरपासून तुम्ही काही लपवलं का, तर ९७ टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं. लपवलेल्या गोष्टींमध्ये केसमधल्या चुका होत्या, स्वतःच्या आयुष्यातल्या अडचणी होत्या, सुपरवायझरबद्दलची नाराजी होती, आपल्याला मार्क कसे मिळतील ही काळजी होती. शिकाऊ मुलांचं हे असं असेल, तर जिच्या पगारावर घरभाडं आणि मुलाची फी आहे ती काय करेल ते वेगळं सांगायला नको.

आता याच्या उलट बाजूचंही सांगते, कारण ते दडवून वाद करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात काउन्सेलर्सचा एक अभ्यास झाला होता, २००७ मध्ये छापून आला. क्लिनिकल सुपरवायझर, म्हणजे केसचं बघणारा, आणि ऍडमिनचा बॉस एकच असेल तर काय वाटतं असं विचारलं होतं. बहुतेकांनी म्हटलं, आम्हाला अडचण नाही. समाधानातही फार फरक दिसला नाही. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते, वाटलं मीच उगाच एवढं मोठं करून बसले. पण मग तिथली व्यवस्था बघितली. तिथे लायसन्ससाठी सुपरविजनचे तास भरावेच लागतात, आणि सुपरवायझर व्हायला वेगळी मान्यता लागते, म्हणजे समोरच्या माणसाने सुपरविजन कसं करायचं हे शिकलेलं असतं. आपल्याकडे काय आहे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाच्या कायद्याखाली होते आणि त्यांचं प्रशिक्षण तरी कोणाच्या तरी हाताखाली होतं. काउन्सेलर मात्र आत्ता कुठे २०२१ च्या अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत आले. एम.ए. झालेली, एमएसडब्ल्यू झालेली, एक वर्षाचा डिप्लोमा केलेली, सगळ्या काउन्सेलर. आणि सुपरवायझर कोण, तर जी सगळ्यात सिनिअर ती. तिला प्रमोशन देऊन कोऑर्डिनेटर केलं की ती आपोआप सुपरवायझर. ब्रिटनमध्ये बीएसीपी ही काउन्सेलर्सची संघटना प्रॅक्टिस करणाऱ्या मान्यताप्राप्त सभासदाला महिन्याला किमान दीड तास सुपरविजन घ्यायला लावते, आणि ते मॅनेजरच्या नात्यापासून वेगळं असावं हे तिथल्या नियमावलीत कितीतरी वर्षांपूर्वी लिहिलं गेलं. नागपुरातल्या किती काउन्सेलर्सना महिन्याला दीड तास कोणी फक्त केसबद्दल ऐकून घेतं? माझ्या ओळखीतल्यांपैकी मी बोटांवर मोजू शकते.

चांगला माणूस असला की झालं, असं काही जण म्हणतात. माझ्या दुसऱ्या नोकरीत तसा चांगला माणूस मला मिळाला होता. सर पन्नाशीचे होते, शांत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की रजा, पगार, टार्गेट याचं बोलणं टेबलावर, आणि केसचं बोलणं मागच्या व्हरांड्यात, तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, समोर कडुलिंब. व्हरांड्यात ते वही आणायचे नाहीत. तिथे मी दोन वर्षांत जे शिकले ते त्याआधी कुठेच शिकले नव्हते. एकदा मी त्यांना सांगितलं की दारुड्या नवऱ्यांच्या केसेस आल्या की मी आतून बंद होते, ऐकते पण ऐकू येत नाही, त्यामागे माझ्या घरातलं काय आहे तेही सांगितलं. त्यांनी त्यावर माझ्यासोबत तीन महिने काम केलं.

मग संस्थेला एक नवीन प्रोजेक्ट मिळाला, व्यसनमुक्तीचा, पगार थोडा जास्त, आणि माझं नाव चर्चेत होतं. मला घेतलं नाही. काही दिवसांनी सरांनी स्वतःच व्हरांड्यात बोलावलं आणि म्हणाले, "ट्रस्टींनी मला विचारलं, ही जमवेल का. मी काही सांगितलं नाही तुझं. पण मी लगेच हो नाही म्हणू शकलो. मला जे माहीत होतं ते मला विसरता नाही आलं नं." त्यांचे डोळे भरले होते. माझा त्यांच्यावर राग नाही, तेव्हाही नव्हता. पण त्या दिवसानंतर मी व्हरांड्यात केसच्या फक्त वरवरच्या गोष्टी बोलायला लागले, आणि त्यांना ते कळत होतं, आणि तेही काही म्हणू शकत नव्हते. म्हणजे माणूस इतका प्रामाणिक असूनही ते नातं तुटलं. त्यांना एकाच डोक्यात दोन कपाटं ठेवायला लावली होती, आणि तसं कोणालाच जमत नाही.

आणि पहिल्या संस्थेतल्या मॅडमही वाईट नव्हत्या हे मला आज कळतं. त्यांना वरून आकडे मागणारे होते, त्यांना स्वतःला कुणाकडे जाऊन बसायची सोय नव्हती, सहा काउन्सेलर्सच्या सगळ्या केसेसचं ओझं त्या घरी घेऊन जायच्या. त्यांचं सुपरविजन कोण करत होतं? कोणीच नाही. दुहेरी भूमिकेतली सुपरवायझर सगळ्यात एकटी असते, हे कोणी बोलत नाही.

हा विषय आत्ताच का काढून राहिले, तर २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात तो निकाल आला. त्यात आहे की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने निदान एक पात्र काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर नेमावा किंवा जोडून घ्यावा. कोचिंग क्लासेसही यात आले. नागपूरला याचा अर्थ काय ते सांगायला नको, यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची मुलं इथे येऊन राहतात, धरमपेठ म्हणा, नंदनवन म्हणा, सगळीकडे होस्टेल आणि मेसचे बोर्ड आहेत. निकाल फार मोलाचा आहे, मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण काउन्सेलर नेमली की ती रिपोर्ट कोणाला करणार? माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या दोन मुलींची नेमणूक पत्रं मी वाचली. एकीच्या पत्रात लिहिलंय, प्रिन्सिपॉलना रिपोर्ट करावे. दुसरीच्या पत्रात, कोचिंगच्या सेंटर हेडना. सेंटर हेडचं टार्गेट ऍडमिशन आणि मुलं टिकवणं हे आहे. समजा मुलाला खरंच वर्षभर थांबायची, घरी जायची गरज आहे, तर ती काउन्सेलर तसं म्हणू शकेल का? आणि तिला ते म्हणायची भीती वाटून राहिली हे ती कोणाला सांगेल?

शाळेत तर याहून कठीण आहे. प्रिन्सिपॉल म्हणतात, फाईल दाखवा, आमच्या शाळेतली मुलं आहेत, आम्हाला कळायला नको? तिकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २३ मानसिक आजाराच्या उपचारातल्या माहितीची गोपनीयता हा माणसाचा हक्क मानतं, आणि काउन्सेलर मधे उभी. समजा मुलीने एखाद्या शिक्षकाबद्दल सांगितलं, तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे, न कळवणं कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर शिक्षा आणखी जास्त. पण ती काउन्सेलर सव्वीस वर्षांची आहे, प्रोबेशनवर आहे, आणि प्रिन्सिपॉल म्हणतात आधी आपण आतल्या आत बघू. बाहेरचा कोणी सुपरवायझर असता तर त्याच संध्याकाळी एक फोन करून तिला कळलं असतं की आत्ता काय करायचं. मुलगी वाचते की नाही हे कधीकधी त्या एका फोनवर असतं.

याला उत्तर म्हणून मला नेहमी सांगतात, पैसे कुठून आणायचे, छोट्या संस्थेत एक सुपरवायझर परवडत नाही तिथे दोन कुठून. हे खरं आहे. पण दुसरा माणूस रोज लागत नाही. महिन्यातून दोनदा, दीड-दोन तास. चार संस्था मिळून एक माणूस ठेवू शकतात. नागपुरात माणसं नाहीत असं तर मुळीच नाही, मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग आहे, कोराडी रोडला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आहे, समाजकार्याची जुनी महाविद्यालयं आहेत, तिथून रिटायर झालेले किती जण घरी बसून आहेत ज्यांना हे काम मनापासून आवडेल. आणि कोविडनंतर ऑनलाईन सुपरविजन तर सगळ्यांच्या सवयीचं झालंय.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे. संस्थेची जबाबदारी असेल तर संस्थेला केस कळायला नको का, उद्या काही झालं तर पोलीस कोणाच्या दारात येतील? बरोबर आहे. म्हणून मी म्हणते की रेघ लिहून काढा. जीवाला धोका, लहान मुलावरचा अत्याचार, कायद्याने कळवावंच लागतं ते, आणि काउन्सेलरकडून क्लायंटचं नुकसान होत असेल ते, एवढं वर जाणारच, आणि हे तिला पहिल्या दिवशी सांगायचं. ती केसमध्ये अडकली, रडली, तिला क्लायंटचा राग आला, घरचं काही वर आलं, हे वर जाणार नाही, अप्रेझलमध्ये येणार नाही. बाहेरच्या सुपरवायझरने संस्थेला फक्त इतकं कळवायचं की ती नियमित येते. असं केलं तर धोक्याची गोष्ट वर पोचायची शक्यता वाढते. माझ्या त्या मुलाच्या केसमध्ये धोका वर पोचला नाही तो रेघ नव्हती म्हणून.

वेगळं ठेवणं आपल्याला जमत नाही असंही नाही. पोलिसांच्या आवारात चालणारे महिला आणि मुलांसाठीचे विशेष सेल बघा. १९८४ मध्ये मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने पोलिसांसोबत ते सुरू केले. सोशल वर्कर बसायची पोलिसांच्या इमारतीत, पण ती पोलीस खात्याची माणूस नव्हती, म्हणून बाई तिच्याशी बोलायची. ज्या क्षेत्राने हे बाईसाठी ओळखलं त्याच क्षेत्रात आपण ते काउन्सेलरसाठी ओळखत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता मी स्वतः टेबलाच्या पलीकडे आहे. तीन वर्षांपासून माझं छोटंसं सेंटर आहे, दोन मुली काम करतात, त्यांचा पगार मी देते, म्हणजे मीच ती दुहेरी भूमिकेतली बाई. सुरुवातीला मीच त्यांचं सुपरविजन करायची, मला वाटायचं मी तर हे सगळं भोगलंय, माझ्यासमोर त्या मोकळ्या होतील. एका मुलीने सहा महिन्यांत एकदाही मला एकही चूक सांगितली नाही. सहा महिने एकही नाही. तेव्हा मला ते लाल रजिस्टर आठवलं. मग माझ्या एका मैत्रिणीशी बोलले, तिचंही असंच सेंटर आहे सक्करदऱ्याला. आता माझ्या मुली तिच्याकडे जातात आणि तिच्या माझ्याकडे, महिन्यातून दोन शनिवार. आमच्यात पैसे नाहीत, एक पानाचा करार आहे, वर काय जाईल ते त्यात लिहिलंय.

मागच्या शनिवारी माझ्याकडच्या दोघींतली धाकटी तिकडून परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मी रिसेप्शनलाच उभी होते. काय झालं असेल, कोणती केस, माझ्याबद्दल काही असेल का, सगळं एका क्षणात डोक्यात आलं, आणि विचारायचा मोह इतका झाला की मी टेबलाची कड धरून ठेवली. मी म्हटलं, "चहा घेशील का गं?"

"हो ताई," ती म्हणाली, "आल्याचा." चहा पिऊन झाल्यावर तिने कपाटातून साडेचारच्या क्लायंटची फाईल काढली आणि आत गेली.